शेवटची दोन मिनिटं

आमच्या घरमालकांनी सावेडीत घर बांधलं तेव्हा दार मुद्दाम दक्षिणेला ठेवलं, आणि राहायला आले ते भर अमावस्येला. गवंडी दारावरून कुरकुरला, तर त्याला म्हणाले, "यमाला यायचंच असलं तर तो खिडकीतनं बी येईल. तू उंबरा सरळ बसव."

हे त्यांनीच मला सांगितलं, तेही मी घर बघायला गेलो त्या पहिल्या भेटीत, भाड्याचं बोलणं व्हायच्या आधी. वर म्हणाले, "वरच्या मजल्यावर काय बी शिजवा. पर अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची असलं काय आपल्या घरात चालनार न्हाई." माझ्या दंडाला आईनं बांधलेला ताईत होता. मी तो बाहीच्या आत सरकवला आणि म्हणालो, छे छे, आमचाही विश्वास नाही.

घर बौद्ध. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातलं होतं नव्हतं ते नदीला दिलं. तेव्हापासून त्या घरात कुणी मुहूर्त पाहिला नव्हता की उपास धरला नव्हता. मांजर आडवं गेलं तर आपण थांबतो. हे मांजरालाच थांबवून विचारतील, काय रं, कुठं निघालास, असा माणूस.

सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही तेच म्हणायचो. ते मात्र मला नावानं कधी हाक मारत नसत. मी वर राहायचो म्हणून मी 'वरचे'. "वरचे, हायेत का?" अशी जिन्यातून हाक यायची. माझी बायको 'सूनबाई' आणि मुलगी 'वरची बारकी'. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याबद्दल मला आजही शंका आहे.

नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात केली होती. निरीक्षक. आठवडे बाजारात शिरायचं, तराजू उचलायचा, वजनं तपासायची आणि ज्यानं काटा मारला असेल त्याचा माल तसाच ठेवून तराजू घेऊन जायचा. मूळ गाव काष्टी. तिथल्या बाजारात सख्ख्या चुलतभावाचा तराजू त्यांनी जप्त केला होता, तेही ऐन कांद्याच्या हंगामात. चुलतभावानं पुढं मुलीच्या लग्नाला बोलावलं नाही. भाऊसाहेब न बोलावता गेले आणि पंगतीत शेजारच्याला म्हणाले, "बुंदी बराबर हाय."

निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते हाताला येईल ते तोलायचे. कोबी, पेपराची रद्दी, आमची मुलगी. तिला दोन्ही हातांत धरून जरा खालीवर करायचे आणि वजन सांगायचे. डॉक्टरच्या काट्यावर ते वेगळं भरलं, तर म्हणाले, "डॉक्टरचा काटा तपासून घ्या."

तर अशा माणसाला अमेरिकेच्या बास्केटबॉलचं वेड लागलं.

सावेडीत तेव्हा केबल नुकतीच आली होती. सलीम केबलवाल्यानं गच्चीगच्चीवरून काळ्या वायरी टाकल्या होत्या आणि कुठल्या खटक्याला काय लागेल याचा त्यालाही अंदाज नसायचा. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे तिथले सामने इथं सकाळच्या चहाला लागायचे. भाऊसाहेब फिरून आले की टीव्हीपुढं बसायचे. क्रिकेटचा त्यांना तिटकारा. "पाच दिस तोलायचं आन् मग म्हनायचं, पारडी समान! असला तराजू मी जागेवर जप्त केला असता." बास्केटबॉलमध्ये मात्र बरोबरी झाली की पुन्हा खेळवतात, तरी झाली तर पुन्हा. त्याच वाहिनीवर लागणाऱ्या बेसबॉलमध्येही तेच. "काटा कलल्याबिगर कुनी घरी जात न्हाई," हे त्यांच्या मते त्या दोन खेळांचं सगळं सौंदर्य.

एक संघ त्यांनी धरला होता. कुठल्या तरी थंड शहराचा, ज्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच नीट उच्चारता आलं नाही. भाऊसाहेब त्यांना 'आपले' म्हणायचे. आपले हिरव्या बनियनवर खेळायचे. चेंडू घेऊन पुढं येणारा आणि इतरांना हातवारे करून कामाला लावणारा तो 'मुकादम'. बास्केटखाली न हलता उभा राहणारा आणि तरी सगळं ज्याच्याकडेच येतं तो 'तहसीलदार'. आणि एक जण समोर कोण आहे ते न बघता घुसायचा, तो 'टेम्पो'. समालोचन इंग्रजीत, तेही अमेरिकन इंग्रजीत. आमच्या घरात ते कुणालाच कळत नव्हतं, पण भाऊसाहेबांचं त्यावाचून अडलं नाही. फाउल झाला की ते ओरडायचे, "काटा मारला!" आणि पंचानं शिट्टी वाजवली की समाधानानं माझ्याकडे बघायचे, जणू पंच खात्यातला जुना सहकारी.

बेसबॉल काकूंनाही आवडायचा. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, हसऱ्या, आवाज मात्र खणखणीत. नियम त्यांना काहीच माहीत नव्हते. पण त्या खेळात माणूस चार कोपरे फिरून घरी पोचतो एवढं त्यांनी बरोबर धरलं होतं. भाजी निवडता निवडता विचारायच्या, "अगंबाई, त्यो मघाचा बारका पोचला का घरी?" भाऊसाहेब म्हणायचे, "तिसऱ्या कोपऱ्यावर अडकलाय." काकू हळहळायच्या. मग दोघं त्याच्यासाठी थांबायचे.

भाऊसाहेबांना एकच गोष्ट मान्य नव्हती, ती म्हणजे घड्याळ. बास्केटबॉलची शेवटची दोन मिनिटं. ती दोन मिनिटं आमच्या नळाच्या पाण्यासारखी. संपली म्हणावं तर पुन्हा येतात. घड्याळ थांबतं, खेळाडू घोळका करतात, शिक्षक फळ्यावर काहीतरी काढतो, जाहिराती होतात, आणि बघावं तर चारच सेकंद सरकलेले. "दोन म्हनायची आन् वीस मोजायची. बाजारात आसं मोजनारा घावला असता तर दंड केला असता."

आणि नेमकी ती दोन मिनिटं भाऊसाहेब बघत नसत.

हे मला कळलं ते नवीनच राहायला आलो तेव्हा. एका सकाळी जिन्यातून हाक आली, "वरचे! या लौकर!" मी अर्ध्या दाढीनं खाली धावलो. मला वाटलं, कुणाला काहीतरी झालं. भाऊसाहेबांनी मला खांद्याला धरून टीव्हीपुढच्या खुर्चीत बसवलं. "आपले एकानं पुढं हायेत. तुमी बघा. मला आरोळी द्या." आणि चपला घालून फाटकाबाहेर गेले. तिथं घराकडं पाठ करून, हात मागं बांधून उभे राहिले. रस्त्यानं जाणारा कुणी विचारी, "काय भाऊसाहेब, कुणाची वाट बघताय?" ते म्हणत, "निकालाची."

मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "त्यांनी बघितलं की हरतेत."

"कोण?"

"ज्यांच्या बाजूनं ते आसतील ते."

दक्षिणेचं दार, अमावस्या, गवंडी, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. संध्याकाळी मी भीत भीत विषय काढला. म्हटलं, भाऊसाहेब, ही अंधश्रद्धा नाही का? ते अजिबात चिडले नाहीत. "अंधश्रद्धा म्हंजी न बघता मानायचं. मी बघून मानतो. मी बघितलं, हरले. न्हाई बघितलं, जिंकले. ह्याला निरीक्षण म्हनत्यात." आणि निरीक्षण हा शब्द त्यांच्या तोंडी असा आला, की पुढं बोलण्याचा मला अधिकार उरला नाही. मी आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. निरीक्षक तिथंही यायचे. त्यांना मी चहा द्यायचो.

तर शेवटची दोन मिनिटं बघणं ही माझी नोकरी झाली. त्यापायी खऱ्या नोकरीवर मी कितीदा उशिरा पोचलो त्याचा हिशेब न ठेवलेला बरा. खेळ मला ओ की ठो कळत नव्हता. एकदा तर हिरव्या बनियनवाल्यानं लांबून चेंडू टाकला, तो आत गेला, मी ओरडलो, "जिंकले!" भाऊसाहेब धावत आत आले. तेव्हा कळलं की मी बघितलं ते मघाचंच परत दाखवत होते. खरा शेवट अजून व्हायचा होता. तो भाऊसाहेबांच्या डोळ्यांदेखत झाला आणि आपले हरले. त्या दिवशी मला ते काही बोलले नाहीत. फक्त काकूंना म्हणाले, "वरच्यांना चहा दे. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं."

काकूंचा कार्यक्रम वेगळा होता. हिंदी वाहिनीवर आठवड्यातून एकदा गाण्याची स्पर्धा लागायची. पोरंपोरी गायची, मोठे उस्ताद गुण द्यायचे. त्या दिवशी काकू सगळं आवरून बसायच्या आणि माझी बायकोही खाली जायची. एखादी मुलगी बेसूर झाली की काकूंच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखं व्हायचं. भाऊसाहेब मागं बसून परीक्षकांचा काटा तपासत असायचे. "ह्या पोरीला नऊ आन् त्या पोराला साडेनऊ? वजनं कुठली वापरत्यात?" पण एखादी मुलगी मनापासून आवडली, की निकालाच्या वेळी ते फाटकाबाहेर.

त्या वर्षी सलीमनं आपल्या केबलवर तशीच स्पर्धा घ्यायचं ठरवलं. फक्त बायकांची. नाव 'सूर सावेडीचा'. मंगल कार्यालयात व्हायची, तीन रविवार, आणि तिथून थेट घरोघरच्या टीव्हीवर. पहिलं बक्षीस मिक्सर. माझ्या बायकोनं काकूंचं नाव देऊन टाकलं आणि मग काकूंना सांगितलं. काकू दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना गायला लागल्या.

मी जिन्यात थांबलो. चार वर्षं त्या घरात राहत होतो आणि हा आवाज मी ऐकला नव्हता. बायको म्हणाली, काकूंच्या वडिलांची गायन पार्टी होती. जयंतीला गावोगाव बोलावणी असायची. काकू लहानपणापासून त्यात गायच्या.

पहिल्या रविवारी आम्ही सगळे गेलो. काकूंचं नाव पुकारलं आणि बघतो तर भाऊसाहेबांची खुर्ची रिकामी. ते बाहेर, जनरेटरच्या पलीकडं, पाठ करून उभे. काकू गायल्या, पुढच्या फेरीत गेल्या. दुसऱ्या रविवारीही तेच झालं. भाऊसाहेब जनरेटरपाशी, काकू पहिल्या. गाडीला किक मारता मारता भाऊसाहेब मला म्हणाले, "बघितलं का वरचे? निरीक्षण."

काकूंनी ते ऐकलं. त्या गाडीवर बसल्याच नाहीत. रिक्षा करून माझ्या बायकोबरोबर घरी आल्या.

त्या आठवड्यात खालच्या मजल्यावर शांतता होती. सकाळचा सामनासुद्धा आवाज बंद करून चालायचा. शनिवारी संध्याकाळी काकूंनी आम्हाला दोघांना खाली बोलावलं, साक्षीदार असावेत तसं बसवलं आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, "उद्या म्होरल्या खुर्चीत बसायचं. उठायचं न्हाई."

भाऊसाहेब म्हणाले, "मग तू हरशील."

"हरू द्या."

"आगं, मिक्सर हाय. जिंकत आलीयास."

"मिक्सर कुनाला पायजे? पाटा हाय माझ्याकडं." मग काकू आमच्याकडं वळल्या. "सूनबाई, लगीन झालं त्याच वर्साला आमच्या पार्टीचा मुकाबला हुता. दोन पार्ट्या समोरासमोर, सवाल-जवाब. हे म्होरच्या रांगेत. नवे जावई, नवा सदरा. आमी हारलो. तवापासनं ह्यांनी मला गाताना बघितलं न्हाई. तीस वर्सं. जयंतीला मंडप ह्यांचा, लाईट ह्यांची, आन् मी गायला उभी राह्यले की हे जनरेटरपाशी."

मी भाऊसाहेबांकडं बघितलं. मला वाटत होतं की निरीक्षणाची सुरुवात हिरव्या बनियनपासून झाली.

"आन् हारलो ते का," काकू म्हणाल्या, "तर आमचा ढोलकीवाला पिऊन आल्ता!"

"ते येक कारन झालं," भाऊसाहेब खाली बघत म्हणाले. "निरीक्षण येगळं."

"बरं. मग आइका. समदी लोकं बघत्यात आन् तेवढी तुमची खुर्ची मोकळी. मला काय वाटत आसंल, ह्याचं केलं का कधी निरीक्षण?"

भाऊसाहेब तळहात उघडून त्याच्याकडं बघत राहिले, वजन आहे पण ते सांगता येत नाही, असे. मग हळूच म्हणाले, "मी तुझ्यासाठीच जातो की गं भायेर."

"म्हाईत हाय मला," काकू म्हणाल्या. "उद्या माझ्यासाठी आत बसा."

अंतिम फेरीला मंगल कार्यालय भरलं होतं. सलीम कोट घालून आला होता आणि त्याला माईक सोडवत नव्हता. भाऊसाहेब पहिल्या रांगेत, मधोमध. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काकूंची मोकळी खुर्ची, पलीकडं माझी बायको. बायकोनं मला बजावलं होतं, उठले तर धरा. मला माझ्या ताकदीचा भरवसा नव्हता, म्हणून मी त्यांच्या सदऱ्याच्या टोकावर बसलो होतो.

काकूंचं नाव पुकारलं. भाऊसाहेब उठले नाहीत. पेटीवाल्यानं सूर धरला, काकूंनी वडिलांच्या पार्टीतलं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं असं झालं, की मागच्या रांगांतली पोरं गप्प झाली. मी भाऊसाहेबांकडं बघितलं. ते खुर्चीत होते, पण मान खाली. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि स्वतःच्या चपलांकडं असं टक लावून बघत होते, की जणू त्यांच्यावर खात्याचा शिक्का शोधतायत. निरीक्षकांनी कायद्यात पळवाट काढली होती. बसले होते; बघत नव्हते.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर काकू थांबल्या.

पेटी थोडी पुढं गेली आणि तीही थांबली. शब्द विसरल्या, असं सगळ्यांना वाटलं. परीक्षकांतल्या बाईंनी पुढची ओळ आठवायला मदत म्हणून ओठ हलवले. काकूंनी माईक तोंडाशी नेला आणि सावेडीतल्या घरोघरच्या टीव्हीवर, थेट, ऐकू गेलं:

"आहो, वर बघा."

हशा उसळला. सलीम धावत आला आणि काय करावं ते न सुचून परत गेला. परीक्षकांतले एक जण म्हणाले, "बाई, थांबलात की गुण जातात." काकू म्हणाल्या, "जाऊ द्या. ते बघंस्तवर मी गात न्हाई."

बाजूला काहीतरी हललं. भाऊसाहेबांनी मान वर केली. आधी स्टेजच्या कडेचे कुंडीतले क्रोटन बघितले, मग काकूंचे पाय, मग लुगड्याचा काठ, आणि शेवटी एकदाचे चेहऱ्यापर्यंत पोचले. मी सदऱ्यावरून उठलो. आता धरायची गरज नव्हती.

काकूंनी पेटीवाल्याला खूण केली आणि गाणं पहिल्यापासून घेतलं. तिघं परीक्षक एकमेकांकडं बघून मान हलवत होते. नियमात हे बसत नव्हतं. काकू एकदाही त्यांच्याकडं वळल्या नाहीत. आवाज मघापेक्षा मोठा नव्हता, उलट खाली आला होता. एवढा मोठा हॉल, आणि काकू दोन खुर्च्यांपलीकडच्या माणसाला काहीतरी सांगावं तशा गात होत्या. मला गाण्यातलं कळत नाही. पण माझी बायको पदर तोंडाशी धरून बसली होती, आणि तिला कळतं.

काकू खाली आल्या, मोकळ्या खुर्चीत बसल्या. आणखी दोघी गायल्या. मग सलीमनं निकाल वाचला: तिसरी, दुसरी, पहिली. आमचं नाव कुठंच नव्हतं. माझी बायको सलीमच्या नावानं काहीबाही पुटपुटली. मी भाऊसाहेबांकडं वळलो. आता ते म्हणतील, बघितलं का वरचे, आणि ते म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

पण त्यांचं निकालाकडं लक्षच नव्हतं. लोक उठत होते, खुर्च्या सरकवत होते, स्टेजवर मिक्सरचा खोका हातात घेऊन कुणीतरी फोटोला उभं होतं, आणि भाऊसाहेब खुर्चीत अर्धे वळून शेजारी बसलेल्या काकूंकडं अजून बघत होते.

काकूंनी पदर सारखा केला, आजूबाजूला एक नजर टाकली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता बास की. लोकं आपल्याकडं बघायला लागलीत."